दोन बोटं माया

मी माया बोलतेय. दचकू नका, बाई नाही मी. कपडा शिवताना शिवणीच्या आत, अस्तराआड जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ना, तीच मी माया. वरून मी दिसत नाही, पण मला सगळं ऐकू येतं.

माझा जन्म ताईच्या मशीनवर झाला. ताई शिवणकाम करते. तिची धाकटी बहीण एका हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताला उभी राहते, तिच्यासाठी हा निळा कोट. "दोन्ही कुशींना दोन बोटं माया ठेवतेय गं," ताई म्हणाली, "अंगच ते, कमीजास्त व्हायचंच."

"ठेव बाई, लागतेय कुणाला!" धाकटी हसली.

कोट अंगावर चढला आणि मला कळलं, या अंधारात मी एकटी नाही. धाकटीच्या कातडीपलीकडे, मला अगदी खेटून, आणखी कुणीतरी बसलं होतं. तीही माझ्यासारखीच, खाल्लेल्यातलं राखून ठेवणारी. मी तिला पलीकडची म्हणते.

एकदा मॅनेजरसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "कोट घट्ट होतोय हं. पुढे उभं राहणारं माणूस नेटकं हवं, नाहीतर आत फायलींकडे पाठवावं लागेल." धाकटीचं तोंड एवढंसं झालं. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलण्यात तर तिचा सगळा जीव! घरी येऊन ती म्हणाली, "उद्यापासून अर्धंच जेवणार. उद्यापासून पळायला जाणार."

पलीकडची ताडकन उठून बसली. "दुष्काळ आला," ती कुजबुजली. "चूल मंद करा."

धाकटी अर्धपोटी राहिली, घाम गाळला, बारीक झाली. ताईने कोटाच्या कुशी आत घेतल्या. ती बारीक झाली की मी वाढते, असा आमचा उलटा हिशेब. सगळे वाहवा करत होते. मला मात्र तिची बोटं लागायची, गारढोण. पळून आली की पलीकडची तिला दिवसभर जागची हलू द्यायची नाही. चार पायऱ्या चढायच्या तरी लिफ्ट. मग वजन उतरायचंच थांबलं. भूक तेवढी वाढत गेली, इतकी की दुसऱ्याच्या ताटाचा वास आला तरी हिचे पाय तिकडेच वळायचे.

शेवटी एक दिवस ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशीही. पलीकडची घास न् घास आत ओढत होती. "साठवा. मागच्यापेक्षा थोडं जास्तच. दुष्काळ पुन्हा येईल." आणि यायचाच की! पुन्हा 'उद्यापासून', पुन्हा कोट आत, पुन्हा सैल. लोक म्हणायचे, "हिचा जिभेवर ताबा नाही." अहो, जिभेचं चालतंय कुठे इथे!

एकदा बारीक झाल्यावर धाकटी हट्टालाच पेटली. "ताई, या खेपेला माया कापूनच टाक. परत फिरायला वाटच नको."

"अगं वेडे, कापलेलं पुन्हा जोडायचं म्हणजे ठिगळ."

ताई काही कात्री हातात घेईना. मग धाकटीनेच घेतली. पातं माझ्यातून सरकत होतं आणि पलीकडची हसत होती, अगदी हळू. तिच्यापर्यंत कुठली कात्री पोचायला!

मी चिंध्यांच्या पिशवीत पडून राहिले. कोट धुऊन धुऊन विटला, मी तशीच गडद. आणि एक दिवस धाकटी रडत आली. पाहुण्याची बॅग उचलायला वाकली आणि भर दालनात कोटाची कूस टर्रकन फाटली होती. साहेबांनी तिला आत फायलींकडे बसवलं होतं. "माझ्यातच काही दम नाही गं, ताई."

ताईने पिशवी उपसली, मला शोधून काढलं आणि दोन्ही कुशींना जोडलं. "बस झाला दुष्काळ. चल, आधी जेव." तेव्हापासून धाकटी रोज वेळेवर, पोटभर जेवते. बोटं ऊबदार झालीत. पलीकडची पेंगायला लागलीय, पण एक डोळा उघडा ठेवून.

काल साहेबांनी फायलींच्या खोलीत डोकावून म्हटलं, "उद्यापासून जरा मनावर घ्या. पुन्हा पुढे उभं करतो."

पलीकडे काहीतरी ताडकन उठून बसलं. धाकटीची बोटं माझ्यावर आली, पुन्हा गार. मग तिने डबा उघडला. "साहेब, आत्ता मी जेवतेय."

एक विनंती करते. हे वाचून तुमच्याही ओठांवर तो 'उद्यापासून' आला असेल, तर गिळून टाका. तुमच्या कातडीपलीकडेही कुणीतरी बसलंय, आणि तिला ऐकू येतं.