सलामाची माफी

आडवे पडल्यापडल्या राजाराम बर्व्यांनी आधी उजवा हात कपाळाशी नेला आणि अर्ध्यावर राहिलेला सलाम पुरा केला. मग कोपर पाहिलं. दोन्ही पाय पेडलच्या पट्ट्यांत अडकलेले होते, त्यामुळे ते सायकलवर होते की सायकल त्यांच्यावर, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"अरे बर्वे साहब, फिर?" पानाच्या टपरीपुढच्या बाकावरून गोपीनाथ तिवारी लगबगीने उठले.

"कुछ नहीं, तिवारीजी. घर में सब खैरियत?"

"सब खैरियत. आप पहले उठ तो जाइए!"

साताऱ्याहून बँकेच्या नोकरीवर लखनौला आलेल्या बर्व्यांचा सारा जन्म महानगर मोहल्ल्याच्या याच गल्लीत गेला होता. जुन्या काळ्या सायकलीवरून बँकेत निघाले की डावा हात हँडलला आणि उजवा गल्लीला. इस्त्रीवाला, हलवाई, शाळेत निघालेल्या बाई, कुणाचा नमस्कार म्हणून त्यांनी खाली पडू दिला नाही. एकदा समोरून तिरडी आली तेव्हा त्यांनी त्या मयतालाही असा काही अदबीने नमस्कार केला, की पांढऱ्या कापडाखाली हात हलला. खांदा देणारे चौघे आजही शपथेवर सांगतात. त्यांतला एक तर स्वतः जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सांगतो.

ती काळी सायकल समीरने दिवाळीत मोडीत काढली. पुण्याला नोकरी लागलेल्या मुलाने बापासाठी हौसेने रेसर आणली. बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. एक हात सुटला रे सुटला की पुढचं चाक लग्नातल्या जावयासारखं रुसून आडवं व्हायचं. आणि या गल्लीत हात न सोडता पुढे जायचं म्हणजे मुंडासं न बांधता वरातीला जाणं.

बर्वे इस्त्रीच्या टेबलाशी पडले. शाळेच्या फाटकाशी पडले. हलवायाच्या दारात असे काही आदळले की त्या घाण्यातल्या जिलब्या हादऱ्याने सरळ निघाल्या. लोक धावत, धूळ झटकत, हळद आणून देत. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. होता होता असं झालं, की सकाळी सायकल बाहेर काढली की बर्वे टांग टाकायचंच टाळत. मग ते फडकं घेऊन चेन पुसत बसत. पुसलेलीच पुन्हा पुसत.

"जाताय ना?" पत्नी हेमाताई आतून विचारत.

"जरा तेल घालतो."

शुक्रवारी समीरचा फोन आला.

"बाबा, चला रहे हो ना?"

"रोज."

"गिरे तो नहीं?"

"छे! मी काय लहान आहे?"

"अच्छा, तो इतवार को घर आ रहा हूँ, साइकिल से मलिहाबाद तक चलेंगे, दोनों. मैं दोस्त की साइकिल ले लूँगा. नहीं जमलं तर बोलो यार, रेसर मैं वापस ले जाऊँगा. अब उम्र भी तो..."

"जमतंय," बर्वे म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. हेमाताईंनी त्यांच्या कोपरावरच्या पट्टीकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी त्यांनी दात-ओठ खाऊन टांग टाकली. इस्त्रीचं टेबल आलं. इस्त्रीवाल्याने त्यांना पाहिलं आणि झटकन पाठ फिरवली. हलवाई कढईत वाकला, इतका की भुवया तळून निघाव्यात. शाळेच्या बाई भिंतीवरची जाहिरात वाचू लागल्या. एक हात वर झाला नाही, एक 'नमस्ते' आलं नाही. दोन्ही हात हँडलवर घट्ट, चाक सुतासारखं सरळ. बर्वे जवळच्या कपूरथळा चौकापर्यंत गेले आणि तसेच परत आले. पडले नाहीत.

टपरीपाशी त्यांनी पट्टे सोडवले आणि बाकाला पाय टेकला.

"तिवारीजी! आज नहीं गिरा!"

तिवारींनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. उलटं.

"हमने देखा नहीं," ते आतून म्हणाले.

"नाराज हैं क्या? सारी गल्लीच नाराज आहे का... मतलब, सब नाराज हैं?"

"तौबा, तौबा! नाराज क्यों होंगे?" कागद जरासा खाली आला. तिवारींचे डोळे ओले होते. "कल शाम सबने मिलकर तय किया. जो जवाब न दे सके, उसे सलाम करना ज़ुल्म है, भाईसाहब. वकील साहब को लकवे के बाद कोई सलाम करता है? आप आराम से निकला कीजिए. आपकी तरफ़ कोई नहीं देखेगा."

बर्व्यांनी वर पाहिलं. समोरच्या सज्जात वकीलसाहेब शालीत गुंडाळून बसवलेले होते. त्यांच्याखालून सगळी गल्ली वाहत होती, एकही मान वर न करता. वकीलसाहेबांनी बर्व्यांना पाहिलं आणि त्यांचा अर्धा चेहरा हसला. बाकावर कोणीतरी सरकून शेजारी जागा करून द्यावी, तसा.

"माझा हात चांगला आहे," बर्वे म्हणाले. मराठीतच. तिवारींनी पान उलटलं.

उद्या समीर चारबाग स्टेशनवर उतरणार होता. त्याला रेसर परत न्यायचं काही कारण उरलं नव्हतं.

बर्वे सायकल हाताने ढकलत निघाले. इस्त्रीच्या टेबलाशी थांबले. खाकरले. इस्त्रीवाला एकाच शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिला. कॉलर करपल्याचा वास सुटला, तरी फिरवतच राहिला. बर्व्यांनी हँडल सोडलं आणि उजवा हात अगदी कपाळापर्यंत नेला.

"सलाम, भैया."

मागे सायकल धाडकन आडवी झाली. घंटी खणखणली, चाक कितीतरी वेळ गरगरत राहिलं. गल्लीत एकानेही मान वळवली नाही.