पूजेत बसलेली घोडी

चितेगावला पैठण रस्त्याच्या कडेला माझं बॅटरीचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून सांडूचं गॅरेज. बावीस वर्षं रस्त्याकडे तोंड करून बसलो की माणसांच्या नोंदी आपोआप होत जातात. कोण घाईत खोटं बोलतो, कोण निवांतपणी, सगळं मला तोंडपाठ. सांडूच्या नावापुढं मात्र एकच नोंद होती : हा माणूस घोडीशिवाय गाडीखाली जात नाही.

घोडी म्हणजे लोखंडी टेकण. जॅकनं गाडी उचलायची, चासीच्या सांगाड्याखाली घोडी लावायची, गाडी तिच्यावर टेकवायची, गदागदा हलवून पाहायची आणि मगच खाली शिरायचं. "जॅक उचलणारा, घोडी सांभाळणारी," तो म्हणायचा. "उचलणाऱ्याच्या भरवशावर आडवं व्हायचं नाय." मी त्याला घोडनवरा म्हणायचो.

खंडेनवमीला त्यानं सकाळीच सगळी हत्यारं धुऊन मांडली. पाने, हातोडे, जॅक, दोन्ही घोड्या. त्याच्या बायकोनं, सुरेखावहिनींनी, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, मधोमध नारळ ठेवला. पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीच उठतं, तोवर हात लावायचा नाही. सांडूच्या बापापासूनची ही रीत. मी आळशी माणूस, फोटोला हार घातला की माझी नवमी झाली. माझा जॅक कोपऱ्यात तसाच पडलेला.

अकराच्या सुमाराला लासूर स्टेशनचा ऋतुराज जुनी जीप घेऊन आला. सायलेन्सर तुटून डांबरावर घासत होता. मागच्या बाकावर नवी साडी नेसलेली बहीण, बाराला पैठणला तिचा साखरपुडा.

"मामा, तारेनं बांधून द्या. दोन मिनिटांचं काम."

"आज नाय. हत्यारं बसलीत पूजेला."

पोरीनं घड्याळ पाहिलं. सांडू विरघळला.

"शेठ, तुमचा जॅक द्या. तुमची पूजा नाय, म्हंजी पाप बी तुमच्याच अंगावर."

मी दिला. तो जॅक तेल गाळतो हे मला कधीपासून ठाऊक होतं. उचलून ठेवला की थोड्या वेळानं आपला आपण खाली बसायला लागायचा. मी सांगितलं. पण कसं सांगितलं? "जपून रे, म्हातारा आहे. गुडघे दुखतात त्याचे, फार वेळ उभा राहत नाय." सगळे हसले. मीसुद्धा.

सांडूनं दोघांना खाली उतरवलं, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, जॅकखाली लाकडी फळी घेतली. पुस्तकात लिहावं असं सगळं. जीप उचलली. मग त्याचा उजवा हात सवयीनं बाजूला गेला आणि मोकळाच राहिला. त्यानं गॅरेजात पाहिलं. घोड्या झेंडूत बसलेल्या.

तेव्हा तरी मी गप्प बसायचं. मी म्हणालो, "का रे घोडनवऱ्या, आज नवरी माहेरी गेली का?"

तो ओशाळं हसला, पोतं अंथरलं आणि खाली सरकला.

वहिनी प्रसादाचं ताट घेऊन घरातून आल्या. जीपखालून बाहेर आलेले दोन तळपाय त्यांनी पाहिले. शेजारी जॅक पाहिला, दुसरं काहीच नाही. त्या ओरडल्या नाहीत. ताट तिथंच जमिनीवर ठेवलं, गॅरेजात गेल्या आणि सकाळी जिनं आम्हाला पूजेपासून चार हात लांब उभं केलं होतं, त्याच बाईनं माळेसकट घोडी उपसली. समई आडवी झाली. नारळ गडगडत माझ्या पायाशी आला.

"वहिनी, पूजेतली..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी घोडी चासीच्या बाजूला टेकवली आणि हात आत न घालता पायानं आत रेटली.

मी मनात एक म्हटलं, दोन म्हटलं. पाचापर्यंत गेलो नसेन. जॅक फुस्स करून खाली गेला. जीप घोडीवर बसली. लोखंडावर लोखंड आदळल्याचा तसा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही.

ऋतुराजचं तोंड उघडं राहिलं. त्याची बहीण किंचाळली. मग जीपखालून सांडूचा आवाज आला, "कोण हलवायलंय रे गाडी?"

"भायेर या," वहिनी म्हणाल्या. "हळू. डोकं वर नका करू."

तो पाठीवर सरकत बाहेर आला. त्याच्या छातीवर झेंडूच्या पाकळ्या होत्या. त्यानं वाकून पाहिलं, जॅक कुठवर बसलाय आणि आपली छाती कुठं होती. घोडी नसती तर दोन्हींत वीतभर जागासुद्धा उरली नसती. मग त्यानं बिडी पेटवली.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, हा बसतोय हे ठावं होतं तुम्हाला?"

"सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं, का चेष्टा केली होती?"

मी पायाशी आलेला नारळ उचलला आणि पूजेत नेऊन ठेवला.

सांडूचा जॅक आणि दुसरी घोडीही पूजेतून उठली. दोन्हींवर जीप बसवून, गदागदा हलवून, सांडूनं सायलेन्सर बांधला. बारा वाजून गेले. पोरगी एकदाही घड्याळाकडे बघत नव्हती, सांडूच्या हातांकडे बघत होती.

ते गेल्यावर वहिनींनी माझा जॅक उचलला. तेल गळत होतं, लुगड्याला डाग पडला. घोडीची जागा रिकामी होती तिथं त्यांनी तो ठेवला आणि बोटानं कुंकू लावलं.

"ह्यो आता हितंच बसंल," त्या म्हणाल्या. "उद्या बी उठायचा नाय. कधीच नाय."

दसऱ्याला सगळी हत्यारं उठली. माझा जॅक अजून तिथंच आहे, सुकलेल्या कुंकवासकट. मी तो परत मागितलेला नाही. आणि सांडू घोडी लावत असला की मी रस्त्याकडे बघतो, बोलत नाही.