जलपरीला पाय कशाला?

नॉर्विनचे पाय लिवानं नेले, असं पुएर्तो लेम्पिरा बंदराच्या धक्क्यावर पोरंटोरंसुद्धा सांगत. लिवा म्हणजे समुद्रातली जलपरी. तळाची शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, तिची; कुणी हावरटासारखी काढली की ती त्या पाणबुड्याचे पाय काढून घेते.

"तिला कमरेखाली शेपूट आहे," नॉर्विन फिसकारायचा. "पाय नेऊन घालते कुठे?"

पाय कुणी नेले ते त्याला पक्कं ठाऊक होतं. कप्तान एल्विरनं नेले. त्या चांडाळाच्या बोटीवर खोली मोजायचं घड्याळ कायमचं बंद, आणि उजाडल्यापासून अंधारेपर्यंत माणसं खाली-वर. खोल पाण्यातून असं झटकन वर आलं की रक्तात बुडबुडे धरतात आणि पाठीच्या कण्यातली नस मरते. पण हे सांगितलं की कप्तान हसायचा. गेल्या हंगामात नॉर्विन हातगाडीत बसून जाब विचारायला गेला, तेव्हा तो त्याच्या डोक्यावरून दुसऱ्यांशीच बोलला. "बसलेल्या माणसाशी मी बोलत नाही बुवा. उभा राहा, मग बोलू."

आता धाकटा भाऊ आर्लिन त्याच बोटीवर निघाला होता. लिवाला खूश ठेवलं की झालं, असं त्या गाढवाला वाटत होतं. नॉर्विनला त्याला थांबवायचं होतं, आणि तेही उभं राहून.

म्हणून तो दवाखान्यातल्या ब्रुनिल्डाबाईच्या व्यायामाच्या खोलीत घाम गाळत होता. दोन दांड्यांच्या मधे उभं राहायचं, घोट्याला वाळूची बाटली बांधून पाय उचलायचा, खुर्चीला जोडलेली सायकलची पायडलं फिरवायची.

"गुडघा!" बाई खेकसायची. "वाकला परत!"

"बाई, माझ्या गुडघ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तोंडाला व्यायाम पुरे. पाय उचल."

बोट सुटायच्या दिवशी नॉर्विन दोन कुबड्यांवर, पाय फरफटत, पण स्वतः चालत धक्क्यावर आला. लोक टाळ्या पिटायला लागले. पाद्री तर रडलाच. त्याला रडायला काही लागत नाही. नॉर्विन कप्तानासमोर उभा राहिला, डोळ्याला डोळा भिडवून. तोंड उघडणार, तोच कप्तानानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि गाठोडी घेऊन उभ्या असलेल्या पोरांकडे वळला.

"बघा रे! लिवानं पाय परत केले! माझ्या बोटीवर कुणाचं काही जात नाही, आणि गेलंच तर परत येतं!"

पोरं हसत बोटीवर चढली. आर्लिन सगळ्यांच्या पुढे. "दादा, तू तर आता नाचशील!"

इतका घाम गाळला तो या हलकटाची जाहिरात करायला? मटकन खाली बसावं असं त्याला वाटलं, पण बाईनं गुडघे असे घट्ट केले होते की तेही जमेना. त्यानं एक कुबडी कप्तानाच्या हातात दिली.

"धर जरा."

मोकळ्या हातानं त्यानं पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. पोटरीला लघवीची पिशवी बांधलेली होती, अर्धी भरलेली. आई, बायको आणि ब्रुनिल्डाबाईखेरीज ती कुणी पाहिली नव्हती. आर्लिनपासून तर त्यानं ती जिवापाड लपवली होती.

"कप्तान, लघवीवरचा ताबा कधी परत येतोय, विचार तुझ्या लिवाला. आणि आर्लिन, वहिनी माहेरी का गेली, तेही विचारून घे."



"झाक ते," कप्तान पुटपुटला. "पोरं बघतायत."

"बघू देत. त्यांच्यासाठीच आणलंय."

बाकीची पोरं खाली बघत राहिली, पण बोटीवरून हलली नाहीत. अक्कल काय धक्क्यावर फुकट मिळते? आर्लिन तेवढा उतरला. त्यानं कप्तानाच्या हातातली कुबडी हिसकावली आणि रडत रडत भावाच्या काखेत हात घातला.

"सोड," नॉर्विन म्हणाला. "आधार दिला की गुडघा आळशी होतो. बाई ओरडेल."

आणि कुबडी परत काखेत घेऊन तो घराकडे चालायला लागला. पँटचा पाय त्यानं खाली केला नाही.