माणिकचा राखाडी सूट

मित्रांनो, मी एक जुना राखाडी सूट आहे. एक कोट, एक पाटलोण. माझ्याआधी बाईने सूट घातलेला आमच्या घाटकोपरच्या वाडीत कुणी पाहिला नव्हता. खरं तर माझा जन्म पुरुषासाठीच झाला. भाऊ परबांनी मला शिवून घेतलं आणि लग्नाकार्यापुरतं जपून वापरलं.

भाऊ गिरणीत वायरमन होते. त्यांची मुलगी माणिक लहानपणापासून त्यांच्या पकडी-पेचकसांशी खेळली आणि पुढे वायरमनची परीक्षाही पास झाली. १९५३ साली आग्रा रोडवरच्या पंख्यांच्या कारखान्यात तिला काम मिळालं. पण मॅनेजर म्हणाले, "शिडीवर चढायचं आहे. बाजूला मशीनचे पट्टे फिरतात. पदर अडकला तर जिवावर बेतेल. सोमवारी कोट-पाटलोण घालून या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

कोट शिवणारा शिंपी म्हणाला, "बायकांची मापं मी घेत नाही." ब्लाउज शिवणारा म्हणाला, "कोट? तो मला येत नाही." माणिक रडकुंडीला आली. तेव्हा शेजारची प्रेमा तिच्या मदतीला धावली. तिच्याकडे शिवणयंत्र होतं, आणि एका परदेशी मासिकात तिने कोटातल्या बायकांची चित्रं पाहिली होती.

"भाऊंचाच कोट बारीक करू या. पण चित्रात खाली झगा आहे गं."

"झगा नको यार, शिडी आहे!"

भाऊ कामावर गेले होते. दोघींनी मला पेटीतून काढलं आणि टराटरा उसवलं. माणिकची आई जानकी कपाळावर हात मारून म्हणाली, "पोरगी पाटलोण घालून वाडीतसून जातली? मी तोंड खंय लपवू?"

एवढ्यात भाऊ आले. रविवारी मुलुंडला लग्न होतं आणि त्यांना मीच हवा होतो. मी तर जमिनीवर तुकडे तुकडे होऊन पडलो होतो! भाऊंनी माझी एक बाही उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"काखेत जरा सैल ठेव, प्रेमा," ते म्हणाले. "हात वर केल्यावर ओढता कामा नये. मी लग्नाक सदरो घालीन."

मग काय विचारता! प्रेमाने माझे खांदे आत घेतले, कमरेला टक मारले. बायकांच्या कोटाची बटणं उलट्या बाजूला असतात म्हणून जुनी काजंही रफू करून बुजवली.

"राहू दे ना, कोण बघतंय?" माणिक म्हणाली.

"मी बघते ना!"

सोमवारी माणिक मला घालून उंबऱ्याशी आली आणि तिथेच थबकली. ओट्याओट्यांवर माणसं उभी होती. एका कार्ट्याने आरोळी ठोकली, "साहेब आला रे!" सगळे हसले. माणिकचे पाय मागे वळणार, तोच जानकी पदर खोचून बाहेर पडली आणि लेकीच्या पुढे चालू लागली. हसणाऱ्या एकेकाकडे तिने असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. कारखान्याच्या फाटकापर्यंत ती तशीच पुढे चालली.

त्यानंतर मी शिडीवरून सारा कारखाना पाहिला. ग्रीसचे डाग पडले, कोपरांना ठिगळं लागली, पण मला कधी वाईट वाटलं नाही. माणिकनंतर आणखी मुली तिथे कामाला लागल्या. प्रेमाने त्यांनाही असेच सूट शिवून दिले, अगदी झकास! पुढे कारखान्याने सर्वांना निळे कपडे दिले आणि मी पेटीत गेलो. कसर लागली. वाटलं, संपलं आता.

पण यंदा पौषात थंडी पडली तशी आता म्हाताऱ्या झालेल्या जानकीने मला बाहेर काढलं, ऊन दाखवलं, झटकलं आणि चक्क स्वतःच्या लुगड्यावर चढवलं! आता रोज पहाटे मी तिच्याबरोबर दुधाच्या रांगेत उभा असतो. परवा एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

"माझ्या चेडवाचो, माणिकचो कोट असा," जानकी ताठ मानेने म्हणाली. "तुका थंडी वाजता मां? मगे शिवून घे एक!"

मित्रांनो, कुणाच्या अंगावरचा कपडा पाहून हसण्याआधी तो घालून ते माणूस काय काम करतं, ते विचारा. आणि तुमच्या पेटीच्या तळाशी माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर त्याला थोडं ऊन दाखवा. आम्हाला अजून पुष्कळ हिंडायचं आहे.