सतरा नंबरचा खिळा

आमच्या धावण्याच्या क्लबाकडे मिरवण्यासारखं काही असेल तर ती एक फळी. बंद पडलेल्या छापखान्याच्या मागे आम्हाला एक खोली मिळाली आहे, तिच्या दाराशेजारी ती ठोकलेली आहे. फळीवर चाळीस खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला. शर्यतीला निघताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा आणि परत आलं की आपल्या खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, चहाही ओतायचा नाही.

हा नियम मास्तरांचा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर आमचे सेक्रेटरी. फार पूर्वी एका शर्यतीत त्यांचा पाय मुरगळला आणि ते दोन तास रस्त्याच्या कडेला बसून राहिले. तोवर बाकीची मंडळी घरी जाऊन अंघोळी करून जेवायला बसली होती. दुसऱ्याच दिवशी मास्तर सुताराकडे गेले आणि फळी घेऊन आले.

हिवाळ्यात आमच्या पाच शर्यती होतात, एक रविवार सोडून एक, सकाळी. मी बारा हिवाळे धावते आहे आणि बाराही हिवाळे शेवटून पहिली येते आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांच्या नाकांवर फ्रेमी बसवते. ते काम घाईचं नाही, आणि ती सवय माझ्या पायांत उतरली असावी. जिभेत मात्र उतरली नाही, असं लोक म्हणतात. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

माझा पाठचा भाऊ, धाकटा, अगदी उलटा. त्याचा नंबर सतरा, माझा सोळा. तो पहिला यायचा, फार तर दुसरा. बिल्ला अडकवायचा, जाकीट चढवायचं आणि निघायचं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. रविवारी ऑफिसं बंद असतात तेव्हाच लिफ्टच्या तारांना तेल-पाणी करता येतं, त्यामुळे त्याला थांबायला वेळ नसे, आणि मास्तरही त्याच्यापुरती नियमातून सूट देत. मी तोंडाला फेस आणून पोहोचायचे तेव्हा सतरा नंबरचा बिल्ला खिळ्यावर असायचा आणि भाऊ गायब. मला राग यायचा. कधी बोलले नाही, पण यायचा.

उन्हाळ्यात एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर त्याच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट बसवले. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हळू पळायला हरकत नाही, मनगटावरच्या घड्याळात ठोके एकशेवीसच्या वर गेले की चालायचं. एवढ्यावर हे महाशय क्लबात यायला तयार. माझ्या भावजयीने मात्र साफ नकार दिला. आठवडाभर घरात अबोला होता. शेवटी मीच मध्ये पडले.

"मी त्याच्या मागे राहीन," मी तिला सांगितलं. "नाहीतरी मी मागेच असते."

"वन्सं, तुमच्या भरवशावर सोडते आहे," ती म्हणाली. "त्यांच्या नाही."

म्हणून तिसऱ्या शर्यतीला मी मास्तरांकडून शेपटाचं काम मागून घेतलं. आमच्याकडे सगळ्यांत मागे राहणाऱ्याला शेपूट म्हणतात. रस्ता चुकू नये म्हणून वळणावळणांवर लाल झेंडे खोचलेले असतात, ते उपटत यायचं आणि कुणालाही मागे टाकायचं नाही, एवढंच काम. मास्तर हसले. "बारा वर्षं फुकटात करते आहेस, आता पद घे," ते म्हणाले.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की तलावाचं पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एकतीस जणांनी बिल्ले उचलले. धाकटा मुकाट्याने माझ्याजवळ मागे उभा राहिला. शिट्टी झाली आणि जो तो पुढे निघून गेला. ज्या माणसाने बारा वर्षं फक्त मोकळा रस्ता पाहिला त्याला पाठीच पाठी दिसायला लागल्या. गिरणीच्या भिंतीपाशी निवृत्त पोस्टमनकाका "काय, कसं काय" करत त्याला ओलांडून गेले. काकांचं वय एकाहत्तर. धाकट्याने घड्याळ पाहिलं आणि चालायला लागला. मीही त्याच्या मागे चालायला लागले.

"ताई, तू जा पुढे."

"शेपूट पुढे जात नाही."

"मग निदान जरा लांब राहा. गुराख्यासारखी मागे लागू नकोस."

मी लांब राहिले. त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून राहिले, आणि तीच माझी चूक. पुढे तो पुन्हा धावायला लागला, तलावाच्या वळणावर त्याचं निळं बनियन धुक्यात शिरलं, आणि मी एकेक झेंडा उपटत मागून येत राहिले. पंपहाउसपाशीचा झेंडा कुणीतरी हातभर खोल खोचला होता. तो काढण्यात माझी दोन मिनिटं गेली. मग मी वेग वाढवला. वेग हा शब्द माझ्या बाबतीत वापरायचा तसा वापरते आहे.

क्लबाच्या दारात पोहोचले तर सगळे फळीभोवती उभे होते. मी सोळा नंबरचा बिल्ला अडकवला आणि शेजारचा खिळा पाहिला. रिकामा होता.

"धाकटा कुठे आहे?" मी विचारलं.

मास्तर म्हणाले, "तुझ्या पुढे होता ना?"

माझ्या पुढे जो होता तो इथे पोहोचला नव्हता, म्हणजे तो कुठेतरी माझ्या मागे पडला होता, आणि मागचे झेंडे तर मी उपटून आणले होते. शेपटाने ज्याला गाठूच नये त्याला मी ओलांडून आले होते, आणि तेही न बघता. मी, जी दिवसभर लोकांना विचारते की आता नीट दिसतं का.

तेवढ्यात खुंटीवर टांगलेलं त्याचं जाकीट वाजायला लागलं. फोन त्याने खिशातच ठेवला होता. मी काढून पाहिला तर पडद्यावर "घर". मी तो तसाच हातात धरून उभी राहिले. काय सांगणार होते? वाजून वाजून तो बंद झाला.

मास्तरांनी आरडाओरडा केला नाही. पोस्टमनकाकांना आणि दोघातिघांना त्यांनी कालव्याच्या फाट्याकडे पाठवलं, कारण झेंडा नसेल तर माणूस तिथेच चुकतो. दवाखान्यातल्या आमच्या नर्सबाईंना गाडी काढून ठेवायला सांगितली. मी कुणाचं ऐकायला थांबलेच नाही. आले होते त्याच रस्त्याने उलटी सुटले.

त्या वेळी कुणी घड्याळ लावलं असतं तर बारा वर्षांचा हिशोब चुकता झाला असता. मी पळत होते आणि कडेच्या प्रत्येक खड्ड्यात बघत होते. निळं काही दिसलं की तिकडे धावायचे. एकदा ती प्लास्टिकची पिशवी निघाली, एकदा कुणाच्या तरी होडीवरचं कापड. भावजयीला कोणत्या तोंडाने सांगायचं, हे मी मनात जुळवत होते आणि पहिल्या वाक्याच्या पुढे जात नव्हते. रडायलाही आलं, पण रडता रडता पळता येत नाही, म्हणून ते राहून गेलं.

पंपहाउसपाशी मला धाप लागली. मी भिंतीला टेकले आणि त्याला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून एक डोकं हळूच बाहेर आलं.

"गेले का सगळे?" डोक्याने विचारलं.

धाकटा पंपहाउसच्या मागे एका उलट्या बादलीवर बसला होता. धडधाकट. बोटं गारठून निळी पडली होती, नाक वाहत होतं, बाकी ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं फिरलं. मी हात उगारला, मग मला त्याची छाती आठवली, म्हणून दंडावर मारलं. जोरात मारलं.

"ठोके किती?" मी विचारलं.

त्याने घाबरून घड्याळ पाहिलं. "ब्याऐंशी. तू मारलंस तेव्हा शंभर झाले असतील."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. राहून गेलेलं सगळं. तो बादलीवरून उठला, मला बस म्हणाला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. मग तोंडातल्या तोंडात त्याने सांगायला सुरुवात केली. पोस्टमनकाका पुढे गेल्यावर त्याच्या मागे माझ्याशिवाय कुणीच उरलं नव्हतं. म्हणजे तो शेवटचा येणार होता. क्लबातले सगळे बघत असताना. ते त्याच्याने होईना. म्हणून तो पंपहाउसच्या मागे शिरला, मी झेंड्याशी झटापट करत होते ते गुपचूप पाहत राहिला आणि मला पुढे जाऊ दिलं.

"म्हटलं, दहा-पंधरा मिनिटांत सगळे घरी जातील. मग सावकाश जाईन, बिल्ला अडकवीन, जाकीट घेईन. कुणाला कळायचं काय कारण?"

"आणि ते गेलेच नाहीत तर?"

"जाणार नाहीत म्हणजे?" तो खरंच गोंधळला. "शर्यत संपल्यावर कोण कशाला थांबेल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की नियम याने नुसता ऐकला होता, लोक तो खरंच पाळतात हे याला माहीतच नाही. बारा वर्षं सगळ्यांत आधी खिळा भरून तो निघून गेला होता. फळीवरचा शेवटचा बिल्ला अडकताना त्याने कधी पाहिलाच नव्हता. सगळे घरी जाण्याची तो इथे वाट पाहत होता आणि तो येण्याची तिथे सगळे. मी मागे गेले नसते तर हा तिढा संध्याकाळपर्यंत सुटला नसता.

"चल," मी म्हटलं. "बघ कोण थांबतं ते."

आम्ही चालतच परत आलो. वाटेत फाट्यावर पोस्टमनकाका भेटले. त्यांनी धाकट्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि "आहे, आहे," असं मागच्यांना ओरडून सांगितलं. छापखान्याच्या गल्लीत वळलो आणि धाकट्याचे पाय थबकले. सगळे बाहेरच उभे होते. घामाचे कपडे अंगावरच वाळवत, काखेत हात घालून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. नर्सबाई गाडी चालू ठेवून बसल्या होत्या. एकही माणूस घरी गेला नव्हता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी काही विचारलं नाही. मास्तर फक्त फळीसमोरून बाजूला झाले. धाकट्याने खिशातून बिल्ला काढला. बोटं बधिर झाली होती म्हणून खिळा भोकात जाईना. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा अडकला.

"हां, ओता आता चहा," मास्तर म्हणाले, आणि सगळे एकदम बोलायला लागले.

नर्सबाईंनी त्याची नाडी पाहिली, चहाचा कप त्याच्या दोन्ही हातांत दिला आणि त्याला खुर्चीत दाबून बसवलं. तो त्या गर्दीकडे पाहत होता. मग त्याने मास्तरांना विचारलं, "तुम्ही दर वेळी असे थांबता?"

"थांबतो की. आज तसा लवकरच आलास. तुझ्या ताईला एका वर्षी सर्दी झाली होती तेव्हा आम्ही दीड तास उभे होतो."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. "मी तुझ्यासाठी कधीच थांबलो नाही ना?"

जाऊ दे रे, असं म्हणायची मला सवय आहे. त्या दिवशी म्हटलं नाही. "नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. मला वाईट वाटायचं."

खूप वर्षांनी मला आतून मोकळं वाटलं.

फोन पुन्हा वाजला. मी घेणार होते, त्याने माझ्या हातातून घेतला. पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता. तो संपेपर्यंत त्याने ऐकून घेतलं.

"पोहोचलो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "शेवटचा आलो."



"शेवटचे आलात?" भावजय म्हणाली. "चला, बरं झालं बाई."

चौथ्या शर्यतीत तो माझ्या पुढे शंभर पावलं होता, आणि मी ते निळं बनियन एकदाही नजरेआड होऊ दिलं नाही. पाचव्या शर्यतीत त्याचे ठोके जरा माणसाळले होते. नर्सबाईंनी परवानगी दिली आणि पोस्टमनकाकांना मागे टाकून तो पुढे गेला. मी शेपूटच होते. झेंडे गोळा करत, सगळ्यांच्या शेवटी, गल्लीत वळले.

तो दारात उभा होता. त्याच्या हातात माझा स्वेटर होता, उबेसाठी पोटाशी धरलेला. फळीवर सगळे बिल्ले होते, फक्त सोळा नंबरचा खिळा रिकामा.

"लिफ्टचं काम?" मी धापा टाकत विचारलं.

"रविवारी ऑफिसात कुणी नसतंच," तो म्हणाला. "तासभर उशिरा गेलं तरी कुणाचं काही अडत नाही."

बारा वर्षं मला हे माहीत होतं. मी स्वेटर घेतला आणि बिल्ला अडकवला.