दादासाहेबांचे दोन हात

रविवारी सकाळी थोरली गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खाली धाकट्या जावेभोवती चार-पाच बायका जमलेल्या तिला दिसल्या आणि हातातली चादर तिने जरा जास्तच जोराने झटकली.

धाकटी इस्पितळात नर्स होती. नवरा गेल्यापासून वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरात मुलीला घेऊन एकटीच राहायची, पण ताठ मानेने. कुणाच्या सासऱ्यांना इंजेक्शन द्यायचं असो की कुणाच्या भिंतीतून पाणी झिरपत असो, जो तो तिच्याकडे धावे. थोरलीचे यजमान कित्येक वर्षं सोसायटीचे अध्यक्ष. अख्खी इमारत त्यांना दादासाहेब म्हणे. अध्यक्षांच्या बायकोला मात्र कुणी साधं ‘कशा आहात’ म्हणून विचारत नसे.

आणि आता ही बया अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थेट दादासाहेबांच्याच विरोधात उभी राहिली होती. जेवताना ते तिच्या नावाने खडे फोडत. शिव्या का होईनात, पण घासागणिक नाव तिचंच. उभ्या संसारात आपल्याबद्दल यांनी एवढा विचार कधी केला होता, हे थोरलीला आतून पोखरत राही. मग तिने दारोदार जाऊन पुडी सोडली, की रात्रपाळीच्या नावाखाली बाई कुठे कुठे असते देव जाणे, तिच्या हाती इमारत कशी द्यायची? आपण करतोय ते पाप आहे, हे तिला कळत होतं. पण मत्सराला कळतं, वळत नाही.

त्या सोसायटीत एक रीत चांगलीच मुरली होती. मतदान हात वर करून व्हायचं आणि हात घरातल्या पुरुषाचाच असायचा. घर बाईच्या नावावर असलं तरी ती मागे चहाचे कप मांडणार. विधवेचा हात दीर नाहीतर पुतण्या वर करी. दादासाहेब तर दोन्ही हात वर करत, एक आपल्या घराचा आणि एक मेलेल्या भावाच्या घराचा. लोक हसत, आणि दादासाहेब निवडून येत. यात कुणावर अन्याय होतोय असं कुणाला वाटतच नव्हतं, हीच खरी शोकांतिका.

यंदा धाकटीच्या तक्रारीवरून सभेला निवडणूक अधिकारी आले होते. दादासाहेबांच्या बाजूचे हात वर करा, असं अधिकाऱ्यांनी म्हणताच सवयीने दादासाहेबांचे दोन्ही हात वर गेले.

धाकटी उभी राहिली. “दादा, त्यातला एक हात माझा आहे. तो खाली घ्या.”

घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणतेस का, असं दादासाहेब गुरकावले. पण धाकटीचं बरोबर आहे म्हणून अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि एक हात निमूट खाली आला.

कपांशी उभ्या असलेल्या थोरलीच्या काळजात कळ उठली. भर सभेत हिचा हात हिला परत मिळाला. आणि माझा? घर घेताना बाईच्या नावावर सवलत मिळते म्हणून दादासाहेबांचं खालचं राहतं घरही थोरलीच्याच नावावर झालं होतं. हिला मिळतं ते मला का नाही? उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तिचा मत्सर योग्य दारात जाऊन उभा राहिला.

“अहो,” ती म्हणाली, “दुसराही खाली घ्या. तो माझा आहे.”

दादासाहेबांचा दुसरा हातही खाली आला. मग मागून एक म्हातारी उठली, तिच्या पाठोपाठ शाळेतल्या बाई, मग आणखी दोघीतिघी. अधिकाऱ्यांनी मोजणी थांबवली, गुप्त मतदानासाठी चिठ्ठ्या कापायला सांगितल्या आणि एकेका मालकाला पडद्याआड पाठवलं.

धाकटी थोडक्या मतांनी निवडून आली. दादासाहेब कुणाशी न बोलता घरी निघून गेले. घरी काय वाढून ठेवलंय हे थोरलीला ठाऊक होतं, तरी ती कप विसळायला थांबली नाही.

जिन्यात धाकटीने तिला गाठलं. डोळे भरून आले होते. “ताई, तुम्ही मला मत दिलंत ना?”

थोरलीने तिच्याकडे रोखून पाहिलं. मनातली असूया काही एका सभेत विरघळली नव्हती.

“ते सांगायचं असतं,” ती म्हणाली, “तर हातच वर केला नसता का?”