दोन चिरंजीवांची दोन औषधं

माझे दोन्ही चिरंजीव एका घरात राहतात, पण एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. त्यामुळे माझी काळजीसुद्धा वेगवेगळी घेतात. अंगाला खाज सुटली म्हणून थोरल्याने गोळी दिली. सर्दी झाली म्हणून धाकट्याने सिरप पाजलं. एकाचं घेऊन दुसऱ्याचं नाकारलं असतं, तर घरात नवं महाभारत झालं असतं. मी मुकाट्याने दोन्ही घेतलं. मग तोंडाला कोरड पडली, पाय लटपटले आणि मी बाथरूमच्या दारात कोसळलो.

जाग आली ती दवाखान्यात. डॉक्टरीणबाई दोघांना झापत होत्या. "दोन्हींत झोप आणणारंच औषध आहे. या वयात ती एकदम दिली की माणसाला भ्रम होतो, तो पडतो, लघवी तुंबते. एकमेकांना विचारायचं तरी."

त्या निघून गेल्या.

"तू कधी दिलंस?" थोरल्याने विचारलं.

"जेवण झाल्यावर. दादा, तू?"

माझं अंग बधिर होतं, कपाळावरचे टाकेही दुखत नव्हते. डोळे मी उघडले नाहीत. उघडले असते, तर दोघंही परत माझ्याशीच बोलायला लागले असते.